साहसकथेतल्या शिपायाला अदब हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत ऐतिहासिक साहसकथांवर आलेला लेख वाचला. लढायांची वर्णनं, भाषेतला जोश, मुखपृष्ठं, खप, सगळ्याची दखल त्यात आहे. पण या कादंबऱ्यांतले शिपाई एकमेकांशी वागतात कसे, बोलतात कसे, उभे कसे राहतात, याबद्दल एक ओळही नाही. मी तोफखान्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालो, नाशिक रोडला राहतो आणि शाळेत असल्यापासून अशा कथांचा वाचक आहे. म्हणून हे पत्र.

हल्लीच्या बऱ्याच कादंबऱ्यांत शिपाई फक्त ओरडतो. जासूद डेऱ्यात घुसतो तोच "घात झाला!" असं किंचाळत. सरदार उठून त्याची गचांडी धरतो. मावळा राजांसमोर छाती बडवून घेतो. सगळेच पहिल्या पानापासून तापलेले असतील, तर खरा धोका आला हे वाचकाला कळणार कशावरून?

तोच जासूद असा आणून बघा. गुडघ्यापर्यंत धूळ, घसा कोरडा. दाराशी थांबतो, मुजरा करतो, मान खाली. पण त्या खालच्या नजरेतूनच आत कोण कोण बसलंय ते टिपून घेतो. धन्याने विचारल्याशिवाय तोंड उघडत नाही, आणि विचारल्यावर एवढंच म्हणतो, "खासगीत अर्ज आहे." बैठकीतले चौघे एकमेकांकडे बघू लागतात. कोणाला उठून जावं लागणार, कोणाला थांबवून घेतलं जाणार? अजून तलवार म्यानातच आहे आणि वाचकाने पान घट्ट धरलंय.

आपल्या इतिहासातले सर्वांत थरारक प्रसंग याच रीतीरिवाजांतून उभे राहिले आहेत. 10 नोव्हेंबर 1659 ची प्रतापगडाची भेट घ्या. दोन्ही बाजूंनी किती माणसं आणायची, ती किती अंतरावर उभी राहतील, हे वकिलांनी आधी ठरवलेलं. सय्यद बंडा शामियान्यात नको, असा निरोप महाराजांनी पाठवला आणि तो बाजूला झाल्यावरच पुढे पाऊल टाकलं. वाघनखांपेक्षा मला तो निरोप वाचताना जास्त काटा येतो. आणि 12 मे 1666 चा आग्र्याचा दरबार? तिथे तर शस्त्र निघालंच नाही. महाराजांना उभं केलं मागच्या रांगेत, पुढे जसवंतसिंह. खिलत, म्हणजे मानाचा पोशाख, महाराजांनी नाकारली. पुढची नजरकैद आणि सुटका, सगळं उभं राहण्याच्या त्या जागेपासून सुरू झालं. ज्या लेखकाला मानपान कळत नाही, त्याला हा प्रसंग लिहिताच येणार नाही.

फ्रान्सच्या मस्केटिअर शिपायांच्या कथा आपण अनुवादांतून वाचत आलो. ते लोक टोपी काढून, वाकून, अत्यंत नम्रपणे एकमेकांना द्वंद्वाची वेळ देतात. ही नुसती नटवेगिरी वाटते, पण तिच्यामागे जिवाची भीती आहे. फ्रान्सचा प्रधान रिशल्यू याच्या काळात, 1626 साली, द्वंद्वाविरुद्ध कडक फर्मान निघालं आणि 1627 मध्ये बूतव्हील नावाच्या मोठ्या सरदाराचं त्याच गुन्ह्यासाठी पॅरिसमध्ये शिर उडवलं. प्रत्येकाच्या कमरेला तलवार, शब्द चुकला तर मरण, आणि लढलात तरी देहदंडाची टांगती शिक्षा. अशा जागी माणूस तोलूनमापून बोलतो.

आपल्याकडच्या शिपायाच्या वागण्याला आणखी एक बाजू आहे, आणि ती आपल्या लेखकांनी जवळजवळ सोडूनच दिली आहे: रयतेशी वागणं. राज्याभिषेकाच्या तोंडावर, मे 1674 मध्ये, चिपळूण भागातल्या घोडदळाच्या छावणीला महाराजांचं पत्र गेलं. दाणा-वैरण आत्ताच उधळलीत तर पावसाळ्यात घोडी मरतील. मग कोणी कुणब्याचे दाणे आणेल, कोणी भाकर, कोणी गवत, आणि लोक म्हणतील यापेक्षा मोगल बरे. रात्री दिवा जळत ठेवू नका, उंदीर वात घेऊन जाईल आणि गवताला आग लागेल, इतक्या बारकाईने लिहिलं आहे. आणि कादंबऱ्यांत काय वाचतो? विनोदासाठी शेतकऱ्याची कोंबडी उचलणारे मावळे. मला हे फार लागतं.

काहीजण म्हणतील, मावळे रांगडे होते, त्यांना कसली दरबारी अदब? रांगडी बोली आणि अदब यांचं वैर कधीच नव्हतं. खेड्यातला माणूस रांगडंच बोलतो, पण वडीलधारं कोणी आलं की बाजेवरून उठतो. नाशिककरांना तर रामशेज रोज दिसतो. 1682 पासून काही वर्षं तो गड मोगलांना दाद देत नव्हता. लोखंडी तोफा नव्हत्या, तर झाडांची खोडं पोखरून, चामड्याने मढवून त्यांच्या तोफा केल्या. हे लिहून ठेवलं कोणी, तर मोगलांच्या बाजूचा इतिहासकार खाफीखान याने. तोफा ओढलेल्या माणसाला विचारा, लाकडी नळीत दारू ठासून उभं राहायला काय लागतं. तिथे आरडाओरडा करणारा माणूस पहिल्याच बाराला सगळ्यांना घेऊन मरतो.

आमच्या फौजेत टोपी नसेल तर सॅल्यूट करत नाहीत, सावधान उभं राहून "जयहिंद साब" म्हणतात. तोफेला आम्ही पलटणीच्या झेंड्याचा मान देतो. रंगरूटाला ही शिस्त सुरुवातीलाच लावतात, कारण गोळे पडायला लागले की माणूस डोक्याने कमी आणि सवयीने जास्त चालतो. तोफखान्याचं ब्रीदही 'सर्वत्र इज्जत-ओ-इक्बाल', म्हणजे सगळीकडे मान आणि कीर्ती, असं आहे.

माझी आपल्याला विनंती आहे. पुढच्या वेळी अशा कादंबरीचं परीक्षण छापाल तेव्हा परीक्षकाला शिपायांच्या वागण्याबोलण्यावर लिहायला सांगा. 1840 पासून चालत आलेलं सार्वजनिक वाचनालय आपल्या गावात आहे. तिथे नवलेखकांसाठी शिवकालीन पत्रांच्या वाचनाची बैठक व्हावी. पहाऱ्याची बदली कशी होते, वरिष्ठासमोर रिपोर्ट कसा देतात, हे करून दाखवायला नाशिक रोड-देवळालीतले माझ्यासारखे पुष्कळ निवृत्त फौजी आनंदाने येतील.

आपला,
एक निवृत्त हवालदार (तोफखाना)
नाशिक रोड