आडव्या बाटलीच्या सह्या

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

परवा फोनवर आई म्हणाली, "त्या दुकानाच्या भानगडीत पडू नकोस." तेव्हा मी विषय बदलला, पण मनातून जाईना. म्हणून लिहितेय.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी देशी दारूचं दुकान आहे, तुम्ही पाहिलंय. नाशिकच्या अंबड एमआयडीसीची पाळी सुटली की तिथे गर्दी होते आणि पोरी क्लासला त्यातूनच वाट काढतात. समोरच्या वहिनींनी गॅसचे पैसे पिशवीत गुंडाळून पिठाच्या डब्यात पुरून ठेवले होते. नवऱ्याने डबाच उपडा केला. मी गेले तेव्हा त्या फरशीवरचं पीठ गोळा करून चाळत होत्या. बाबा, राग मानू नका, मला आपलं दिंडोरीचं घर आठवलं. आईचा तांदळाचा डबा आठवला.

आम्ही आडव्या बाटलीसाठी सह्या गोळा करतोय. मतदानात आडवी बाटली म्हणजे दुकान बंद, उभी म्हणजे चालू. 2008 चा सरकारी आदेश आहे. वॉर्डातल्या 25 टक्के महिला मतदारांनी सह्या करून मागणी केली की सह्यांची पडताळणी होते, मग गुप्त मतदान. पण झालेल्या मतांतली निम्मी पुरत नाहीत, यादीतल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. म्हणजे जी बाई घरी बसली, तिचं मत उभ्या बाटलीलाच गेल्यासारखं. यादीत लग्न होऊन गेलेल्या, खोली सोडून गेलेल्या, अगदी वारलेल्या बायकाही आहेत. त्यांची तूट आम्हीच भरून काढायची.

इथले एक पुढारी बैठकीला आले, "ताई, मी तुमच्या पाठीशी आहे" म्हणाले, फोटो काढून गेले. गेल्या निवडणुकीत त्यांच्याच पोरांनी रात्री बाटल्या वाटल्या होत्या. मतदानाआधी 48 तास दुकानं बंद असतात, पण माल त्याआधीच घरात पोचलेला असतो. आणि घेणारे आपलेच लोक, बाबा. याचं मला जास्त वाईट वाटतं.

चंद्रपूरच्या बायका दारूबंदीसाठी 2010 मध्ये चिमूरहून नागपूरपर्यंत पायी चालत गेल्या. 2015 ला त्यांच्या जिल्ह्यात दारूबंदी झाली, 2021 ला उठली. चोरटी दारू वाढली, असं कारण दिलं. ते अगदीच खोटं नाही. दुकान हटलं तरी ज्याला सवय जडली त्याचे हात सकाळी थरथरणारच. एकदम सोडली तर काहींना झटके येतात, डॉक्टर लागतो. आणि त्यातून गेलेलं माणूस शेजारी बसावं लागतं. पुढारी हे करणार नाही.

म्हणून तुम्हाला बोलावतेय, बाबा. रविवारी संध्याकाळी फक्त पुरुषांची बैठक ठेवलीय. भाषण नको. तुमची कशी सुटली, पहिले आठ दिवस कसे गेले, एवढंच सांगा. दुपारच्या गाडीने निमाणी स्टँडवर उतरा, मी घ्यायला येते.

आई, तूही ये. समोरच्या वहिनींना मी तांदळाच्या डब्याचं सांगितलंय. त्यांना तुला भेटायचंय.

तुमची,
थोरली