प्रॉमिसमध्ये गुंडाळण्याआधी कॉलबॅक तपासा

संपादक महोदय,

सर्व्हरवरच्या जावास्क्रिप्टवरील आपल्या पुरवणीतील लेखात, प्रत्येक जुने कॉलबॅक फंक्शन (काम संपल्यावर बोलावायचे दुसरे फंक्शन, म्हणजे कॉलबॅक, घेणारे) ‘न्यू प्रॉमिस’मध्ये (नंतर मिळणाऱ्या निकालाचे ऑब्जेक्ट) गुंडाळा म्हणजे ‘अवेट’ (निकालासाठी थांबणे) वापरता येईल, असा सल्ला होता. तो चुकीचा नाही, पण अर्धवट आहे.

हाताने गुंडाळताना हमखास विसरतो तो ‘रिटर्न’, म्हणजे फंक्शन तिथेच संपवणारा शब्द. चूक आली की प्रॉमिस अपयशी ठरवणारे ‘रिजेक्ट’ बोलावले जाते, पण फंक्शन तिथे थांबत नाही. पुढच्या ओळीत नसलेल्या डेटाला हात लागतो आणि नवीनच अपवाद (एक्सेप्शन) फेकला जातो. प्रॉमिस तो पकडेल असे अनेकांना वाटते. पण प्रॉमिसला दिलेले फंक्शन तोवर चालून संपलेले असते. नंतर कधीतरी धावणाऱ्या कॉलबॅकमधला अपवाद थेट प्रोसेसपर्यंत जातो आणि सर्व्हर बंद पडतो.

म्हणून नोडमध्ये (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारी प्रणाली) आवृत्ती 8 पासून, म्हणजे 2017 पासून, उपलब्ध असलेले ‘युटिल.प्रॉमिसिफाय’ वापरावे; ते कॉलबॅक फंक्शनची प्रॉमिस देणारी आवृत्ती बनवते. त्याच्या अटी मात्र दोन: कॉलबॅक हे शेवटचे आर्ग्युमेंट हवे आणि कॉलबॅकचा पहिला पॅरामीटर चुकीसाठी राखलेला हवा. फाइल आहे का ते पाहणाऱ्या ‘एफएस.एक्झिस्ट्स’चा कॉलबॅक थेट खरे-खोटे सांगतो, त्यात चुकीला जागाच नाही. नोडने त्यासाठी आतून वेगळी सोय केली आहे, पण तुमच्या जुन्या लायब्ररीतल्या अशा फंक्शनला ती आपोआप मिळणार नाही. तिथे ‘खरे’ हे उत्तरच चूक समजले जाईल. अशा फंक्शनवर ‘प्रॉमिसिफाय.कस्टम’ या सिम्बॉलखाली (खास ओळख-किल्लीखाली) स्वतःची प्रॉमिस-आवृत्ती ठेवता येते.

खरा त्रास ‘धिस’चा, म्हणजे मेथड ज्या ऑब्जेक्टवर चालते त्याच्या संदर्भाचा. डेटाबेसच्या कनेक्शन पूलमधली (जोडण्यांच्या साठ्यातली) ‘क्वेरी’ ही मेथड नुसती सुटी करून प्रॉमिसिफायला दिली, तर तिचा पूलशी संबंध तुटतो आणि ‘अनडिफाइन्ड’चे गुणधर्म वाचता येत नाहीत अशी तक्रार येते. ‘बाइंड’ करून पूल जोडून द्यावा. तसेच कॉलबॅक चुकीनंतर दोन किंमती देत असेल, उदाहरणार्थ ओळी आणि स्तंभांची माहिती, तर प्रॉमिसमध्ये फक्त पहिली उरते. दुसरी गुपचूप गळते, कुठलीही सूचना न देता. दोन्ही हव्या असतील तर एका ऑब्जेक्टमध्ये बांधणारे वेष्टन स्वतः लिहिण्याला पर्याय नाही.

वारंवार बोलावला जाणारा कॉलबॅक, म्हणजे प्रगती कळवणारा किंवा इव्हेंट ऐकणारा, प्रॉमिसमध्ये बदलूच नये. प्रॉमिस एकदाच निकाली निघते. पुढच्या हाका वाया जातात. उलट एखाद्या वाटेने कॉलबॅक बोलावलाच गेला नाही, तर ‘अवेट’ कायमचे अडकते. लॉगमध्ये चूक नाही, विनंती मात्र लटकलेली. हा दोष शोधायला सर्वांत अवघड.

फाइल, टायमर आणि डीएनएससाठी यातले काहीच करू नका. ‘एफएस/प्रॉमिसेस’ नोड 14 पासून आणि ‘टायमर्स/प्रॉमिसेस’ नोड 15 पासून तयार आहेत. त्याच नोड 15 पासून न हाताळलेले रिजेक्शन (प्रॉमिसचे अपयश) प्रोसेस बंद पाडते. त्याआधी फक्त इशारा छापला जाई. त्यामुळे कॉलबॅकमध्ये निमूट दुर्लक्षिलेल्या चुका रूपांतरानंतर सर्व्हर पाडू लागतात. दोष रूपांतराचा नसतो, चुका आधीपासूनच होत्या.

बदल तळाच्या फंक्शनपासून वर न्यावा. वरचा कोड कॉलबॅकवरच असेल, तर प्रॉमिसला पुन्हा कॉलबॅकचे रूप देणाऱ्या ‘युटिल.कॉलबॅकिफाय’ने तात्पुरता दुवा जोडता येतो. तो हाताने लिहायचाच असेल तर यश आणि अपयश दोन्ही हाताळणारी फंक्शन्स प्रॉमिसच्या एकाच ‘देन’ला द्या. ‘देन’नंतर चुका पकडणाऱ्या ‘कॅच’ला तोच कॉलबॅक जोडला आणि यशाच्या हाकेत कॉलबॅकनेच अपवाद फेकला, तर तोच कॉलबॅक दुसऱ्यांदा बोलावला जातो, आणि एकाच विनंतीला दोनदा उत्तर पाठवण्याचा प्रयत्न होतो.

आपले,
नोडवर काम करणारे काही वाचक