विषय: बी विंगमधल्या गोचिडी आणि कुत्र्या-मांजरांच्या औषधांची एकच तारीख

मा. अध्यक्ष आणि कमिटी मेंबर्स,

काका नमस्कार. ग्रुपवर लिहिणार होते पण तिथे दहा मेसेज वर सरकले की कोणी वाचत नाही, म्हणून पत्रच देतेय, नोटीस बोर्डवर लावलंत तरी माझी हरकत नाही.

सोमवारची नोटीस वाचली. बी विंगच्या जिन्यात गोचिडी दिसल्या म्हणून कुत्र्यांना लिफ्ट बंद, बाग बंद, आणि दर महिन्याला स्ट्राँग फवारणी. गोचिडी आहेत हे खरंय, मी स्वतः डक्टच्या दाराच्या चौकटीवरून सात वेचल्यात, त्यामुळे ज्यांनी तक्रार केली त्यांच्यावर माझा अजिबात राग नाहीये. घरात रांगतं बाळ असतं तर मीही घाबरले असते. पण या नोटिशीने गोचिडी जाणार नाहीत, आणि का जाणार नाहीत ते गेल्या वर्षी मला चांगलंच महागात पडून कळलंय.

आमच्या मोतीला दर महिन्याला गोचिडीची गोळी असते. मे महिन्यात दिली, जूनची राहिली. आम्ही गावी होतो, आलो तर पाऊस, मुलीची शाळा, सगळं एकदमच आलं आणि ते राहूनच गेलं, चूक सरळ सरळ माझी. जुलैमध्ये त्याने दोन दिवस जेवणाला तोंड लावलं नाही, मला वाटलं पावसाळी हवेने मरगळलाय, तिसऱ्या दिवशी नाकातून रक्त आलं आणि हिरड्या बघितल्या तर पांढऱ्या. रक्त तपासलं तर प्लेटलेट्स चाळीस हजारांच्या खाली. टिक फिव्हर, म्हणजे गोचीड चावल्याने येणारा ताप, त्यातला एर्लिकिया नावाचा प्रकार. अठ्ठावीस दिवस डॉक्सीसायक्लीन हे अँटिबायोटिक चालू होतं, रोज दहीभातातून, आणि पहिले चार दिवस तो वाचतो की नाही हेच डॉक्टर सांगत नव्हते. वाचला. पण मी रात्री उठून त्याचं पोट हलतंय का बघायचे, ते अजून सुटलेलं नाही.

तेव्हा डॉक्टरांनी मला बसवून जे सांगितलं ते मला कमिटीला सांगायचंय. आपल्याकडे कुत्र्यांवर जी तपकिरी गोचीड असते ती कुत्र्याच्या अंगावर थोडेच दिवस असते, बाकीचं आयुष्य तिचं भिंतीत जातं. पिल्लू असताना एकदा रक्त पितं आणि गळून पडतं, फटीत जाऊन कात टाकतं, मग परत दुसरा कुत्रा शोधतं, परत गळतं, मोठी झाल्यावर तिसऱ्यांदा पिते आणि मादी असेल तर फुगून खाली पडते, भिंतीवर वर वर चढत जाते आणि एखाद्या भेगेत हजारो अंडी घालते. मोठी गोचीड काही न खाता महिनोन्महिने तग धरते. म्हणजे आपल्याला जिन्यात वीस दिसल्या तर त्या आज लिफ्टमधून उतरलेल्या नाहीत, त्या दोन-तीन महिन्यांपूर्वी भिंतीत गेलेल्यांची पोरं आहेत. कुत्री लिफ्टऐवजी जिन्याने न्यायला लागलो तर उलट भिंतीला घासत जाणार, गोचिडींना घरपोच जेवण. आणि ए विंगमधलं ते बारा वर्षांचं लॅब्राडोर, मागचे पाय अधू झालेत त्याचे, ते चार मजले कसं चढणार? (लिफ्ट बंद करता येत नाही असं ॲनिमल वेल्फेअर बोर्डाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत आहे, पण मला कायदा काढून भांडायचं नाहीये, आपण रोज एकमेकांना भेटणारी माणसं आहोत.)

फवारणीबद्दल जास्त काळजी वाटतेय. फवारणी हवीच, नको असं मी म्हणत नाही, पण काय मारणार आणि कधी मारणार हे आधी कळू दे. गोचिडी-पिसवांच्या औषधांत परमेथ्रिन वापरतात, ते कुत्र्याला चालतं आणि मांजराला विष आहे, मांजराच्या लिव्हरला ते नीट पचवताच येत नाही. आमच्या मजल्यावरच एका घरात झालंय. दुकानातून कुत्र्याच्या मानेवर टाकायचे ड्रॉप्स आणले, छोटं कुत्रं आणि मांजर वजनाला सारखंच ना म्हणून मनीच्या मानेवर टाकले, रात्री अकराला तिचं सगळं अंग थडथड उडायला लागलं. तीन दिवस सलाईन. त्या घरातल्या काकूंनी ते प्रेमानेच केलं होतं. म्हणून फवारणी असेल तेव्हा आदल्या दिवशी प्रत्येक घरी निरोप जाऊ दे, औषधाचं नाव लिहून, आणि फरशी पूर्ण वाळेपर्यंत मांजरं घरात बंद. आपल्याकडे बाल्कनीतून पॅसेजमध्ये फिरणारी किमान पाच मांजरं आहेत. आणि नुसती मोकळ्या फरशीवर मारून काही होत नाही, चौकटी, स्कर्टिंगच्या वरची फट, मीटर रूम, डक्ट, वॉचमन केबिनच्या मागची भिंत, तिथे हवी. एकदा मारली की दोन-तीन आठवड्यांनी परत, कारण अंड्यांवर औषध फारसं चालत नाही, ती नंतर फुटतात.

आता मला खरं म्हणजे जे मागायचंय ते. एकच तारीख ठरवूया. बी विंगमध्ये अकरा कुत्री आहेत, मी विचारत फिरले तर कोणी महिन्याला गोळी देतं, कोणी बारा आठवडे चालणारी देतं, कोणी फक्त गोचीड दिसली की पावडर लावतं, दोघांनी तर वर्षभर काहीच दिलेलं नाही. एका घराने दिलं आणि शेजारच्याने नाही दिलं तर भिंतीतल्यांना कोणीतरी मिळतंच. सगळ्यांनी एकाच आठवड्यात दिलं, त्याच आठवड्यात भिंतींवर फवारणी झाली, तर पिल्लं बाहेर येतील तेव्हा त्यांना एकही जनावर औषधाशिवायचं मिळणार नाही. असं तीन-चार महिने न चुकता करावं लागेल, त्याच्याशिवाय चक्र तुटत नाही. गोळी आपापल्या डॉक्टरांना विचारूनच, ज्या कुत्र्याला फिट येते त्याला यातल्या बऱ्याच गोळ्या जपून द्याव्या लागतात. मांजरांचं वेगळं, मांजराचंच.

त्याच तारखेला जंताचं औषध पण होऊन जाईल, मोठ्यांना तीन महिन्यांनी एकदा असतंच. आणि इथे आम्हा कुत्रेवाल्यांची चूक मला मान्य आहे. घसरगुंडीच्या वाळूत शी पडलेली असते आणि आम्ही बघून न बघितल्यासारखं करतो. जंतांची अंडी त्यातून मातीत जातात, काहींना पोरांच्या पोटात जाऊन त्रास देण्याइतकी तयार व्हायला दोन-तीन आठवडे लागतात, म्हणजे त्याच दिवशी उचललं तर प्रश्नच येत नाही, पण नाही उचललं तर ती त्या मातीत वर्षानुवर्षं राहतात. मी आठ घरांशी बोललेय, उचलायचं सगळ्यांनी कबूल केलंय, कमिटीने गेटजवळ झाकणाचा एक डबा तेवढा द्यावा. वाळूचा चौकोन कुत्र्यांना पूर्ण बंद केलात तर मी स्वतः सगळ्यांना सांगीन, ती बंदी मला पटते.

ग्रुपवर माकडतापाचा जो फॉरवर्ड फिरला त्याने बऱ्याच जणी घाबरल्यात. तो ताप वेगळ्या, जंगलातल्या गोचिडीमुळे होतो, आपल्या बाजूला दोडामार्ग, सत्तरी तिकडे आढळलाय. जिन्यातली ती नाही. मोतीला झालेला आजारही त्याला हात लावून कोणाला होत नाही. तरी गोचीड बोटांनी चिरडायची नाही, काडीने जाळायची नाही, चिमट्याने कातडीजवळ धरून सरळ ओढायची आणि साबणाच्या पाण्यात बुडवायची.

रेबीजचं मात्र मी कोणालाही सूट देऊ नका म्हणेन. कुत्रा असो, मांजर असो, घराबाहेर पाऊल न टाकणारं असो, दरवर्षी इंजेक्शन आणि त्याचं कार्ड ऑफिसमध्ये. महापालिकेच्या श्वान परवान्याला ते लागतंच. मांजराला कशाला असं तीन घरांत ऐकलं मी, अहो मांजर चावलं तरी तेच होतं! गेटवर एक कागद लावूया, कोणी चावलं, ओरबाडलं तर आधी पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायचं आणि लगेच दवाखाना, हळद-चुना काही नाही. आणि पावसाळ्याआधी कचऱ्याच्या खोलीतल्या उंदरांचा बंदोबस्त, लेप्टोचा ताप (लेप्टोस्पायरोसिस) त्यांच्या मुतातून येतो, तो कुत्र्यांनाही होतो आणि पार्किंगच्या डबक्यातून अनवाणी चालणाऱ्या माणसांनाही. कुत्र्यांना त्याची लस आहे, आपल्याला रोज पार्किंग धुणाऱ्या मावशींसाठी गमबूट आणता येतील.

राहिले खालचे भटके कुत्रे, कालू आणि राणी. त्यांना सोडून दिलं तर वरचं सगळं फुकट, कारण दोघं बी विंगच्या जिन्याखालीच झोपतात. दोघांच्या कानाला खाच आहे, म्हणजे नसबंदी झालेली आहे, त्यांना इथून हलवता येत नाही आणि हलवूही नये, त्यांच्या जागी नसबंदी न झालेले दुसरे येतील. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे त्यांना खायला घालायची जागा आपणच ठरवायची असते, मागच्या कंपाउंडची जागा द्या, म्हणजे जिन्यातलं येणंही कमी होईल. त्यांच्या गोळीचा, जंताच्या औषधाचा आणि रेबीजच्या इंजेक्शनचा खर्च आम्ही प्राणीवाली घरं वाटून घेतोय, सोसायटीवर एक रुपया नाही. वॉचमन काकांच्या हातून दोघं निमूट खातात.

कमिटीला ठीक वाटत असेल तर येत्या महिन्याचा पहिला रविवार धरूया आणि तोपर्यंत ती लिफ्टची नोटीस थांबवा एवढी विनंती. गोळ्या वजनावर असतात म्हणून काल वॉचमन काकांच्या मदतीने भंगारवाल्याच्या काट्यावर दोघांना उभं केलं, कालू अठरा किलो, राणी साडेचौदा. शुक्रवारपर्यंत हो म्हणालात तर मी शनिवारी मागवते.

आपली,
बी ४०३