किनाऱ्यावरच्या घोड्यांना दुपारी बारा ते तीन सोडा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

समुद्रावरच्या घोडागाड्या मुंबईसारख्या बंद करा असं एक पत्र तुमच्या पेपरात आलं होतं, त्यावरून इकडे अलिबागला आमच्या आळीत बरीच वादावादी झाली म्हणून लिहितोय. मुंबईत 2015 च्या जूनमध्ये हायकोर्टाने व्हिक्टोरिया, म्हणजे तिथल्या घोडागाड्या, बेकायदा ठरवल्या, नुसत्या मौजेसाठी घोड्यांना राबवता येणार नाही असं सांगितलं आणि बंद करायला वर्षभराची मुदत दिली. निकाल योग्यच होता, ट्रॅफिकमध्ये डांबरावर रात्री उशिरापर्यंत घोडा पळवायचा हा काय प्रकार आहे. पण त्यानंतर मालक आणि गाडीवाल्यांच्या पुनर्वसनाचं घोंगडं किती वर्षं भिजत पडलं ते पण आठवा, 2021 ला बॅटरीवरच्या व्हिक्टोरिया आल्या. घोडा कामातून सुटला म्हणून त्याचं खाणं सुटत नाही, दीड-दोन महिन्यांनी खूर तासून नाल बदलावीच लागते, नीट सांभाळलं तर घोडं पंचवीस वर्षं सहज जगतं. कमाई बंद झालेला मालक हे कुठून करणार? बंदी मागणाऱ्यांनी आधी याचं उत्तर द्यावं.

माझी मागणी त्याहून लहान आहे आणि ती उद्यापासून करता येते. दुपारी बारा ते तीन किनाऱ्यावरचा एकही घोडा गाडीला किंवा राइडला जुंपायचा नाही, बस.

याचा नियम नाही असं नाही. ओझ्याच्या आणि गाडीच्या जनावरांसाठी केंद्राचे 1965 चे नियम आहेत, दिवसात नऊ तासांच्या वर काम नाही, सलग पाच तासांच्या वर नाही, गाडीत गाडीवाला आणि सहा वर्षांखालची पोरं सोडून चारच माणसं, आणि जिथे तापमान 37 अंशांच्या वर जातं तिथे बारा ते तीन काम बंद. आता गंमत नाही, खरंच विचार करा, आपल्याकडे पारा बहुतेक दिवस तेहतीस-चौतीसलाच थांबतो, म्हणजे कागदावर आपल्या घोड्याला दुपारची सुट्टी लागूच होत नाही. नागपूरच्या घोड्याला मिळेल, अलिबागच्या नाही. पण घोडा आपल्यासारखाच घामाने गार होतो आणि इथल्या दमट हवेत घाम वाळतच नाही, नुसता गळत राहतो, अंगातलं मीठ-पाणी जातं आणि आतली उष्णता आतच राहते. मे महिन्यात आपण पंख्याखाली बसून हैराण होतो, तो भर उन्हात माणसं ओढत असतो.

त्यात आपल्याकडे कामाची वेळ घड्याळ ठरवत नाही, ओहोटी ठरवते. अलिबागसमोरच्या समुद्रातल्या कुलाबा किल्ल्याकडे गाडी जाते ती पाणी सुकल्यावर. अष्टमी-नवमीच्या आसपास ओहोटी बरोबर भर दुपारी येते, आणि ते दिवस भांगाचे, म्हणजे पाणी पुरतं सुकत पण नाही, घोडा खाऱ्या पाण्यातून आणि मऊ वाळूतून गाडी खेचतो. भरती लागायच्या आत जेवढ्या खेपा होतील तेवढ्या करायच्या म्हणून सगळ्यांची घाई. असा एक घोडा अगदी जवळून बघितलाय, साज काढला तेव्हा छातीवरच्या पट्ट्याखाली केस पार झिजलेले आणि घामाचं अन समुद्राचं मीठ वाळून पांढरी रेघ उठलेली, त्याच मिठावर दुसऱ्या खेपेला परत पट्टा घासणार. बादलीभर गोड्या पाण्याने तेवढा भाग धुतला असता तरी खूप झालं असतं, पण गोडं पाणी जवळपास होतंच कुठे.

गाडीवाले दुष्ट आहेत असं मी अजिबात म्हणत नाही, त्यातले कितीतरी जण स्वतः उपाशी राहतील पण घोड्याची चंदी, म्हणजे दाणा, चुकवणार नाहीत. कुणाला माहीतच नसतं एवढंच. उदाहरणार्थ गवत सरळ वाळूवर टाकतात, घोडा गवताबरोबर वाळू खातो, ती आतड्यात साठत जाते आणि एक दिवस पोटशूळ उठतो, घोड्याला उलटी करता येत नाही त्यामुळे गेलेलं बाहेर यायचा रस्ता नाही. तोंडाला तोबरा, म्हणजे चाऱ्याची पिशवी, बांधला किंवा पाटीत घातलं की हे टळतं.

तर नगरपरिषदेला आणि पशुसंवर्धन खात्याला विनंती आहे की किनाऱ्याच्या वर, सुरूच्या सावलीत घोड्यांसाठी एक पत्र्याची शेड आणि गोड्या पाण्याचा नळ-टाकी द्या, महिन्यातून एकदा डॉक्टर पाठवून खूर आणि पट्ट्याखालच्या जखमा बघा, आणि बारा ते तीनची बंदी पारा कितीही असो लागू करा. दंडावर भिस्त ठेवू नका, प्राण्यांच्या छळाविरुद्धच्या 1960 च्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड आहे दहा ते पन्नास रुपये, त्याला कोण घाबरणार. त्यापेक्षा गाडीचा परवानाच याच्याशी जोडा, दुपारी घोडा जुंपलेला दिसला तर आठवडाभर परवाना बंद. धंद्याचं नुकसान होईल अशी ओरड होईल, पण दुपारी पर्यटकसुद्धा जेवून एसीत झोपलेले असतात, खरी गर्दी चारनंतरचीच. भांगाच्या दिवसांत किल्ल्याच्या खेपा बुडतील हे खरं आहे, तेवढ्या दिवसांपुरता गाडीवाल्यांना काही मोबदला देता येतो का ते पण बघा, पार्किंगचे पैसे आपण घेतोच पर्यटकांकडून. दिवाळीच्या सुट्टीत गर्दी सुरू होते, त्याच्या आत निदान नळ आणि शेड झाली पाहिजे.

आपला,
एक वाचक, अलिबाग