तो बोट कुणाकडे दाखवतो?

शिकागो
ऑक्टोबर, शनिवार सकाळ

ती. आप्पा आणि आई,
शिरसाष्टांग नमस्कार.

आप्पा, मागच्या खेपेला फोनवर तुम्ही विचारलंत की अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यात तुमचा नातू खाली वाकून, चेंडू धरून, समोरच्या कुणाकडे बोट का दाखवतो, आणि पायांमधून चेंडू मागे दिल्यावर लगेच कुणाला तरी का भिडतो. तेव्हा नीट सांगता आलं नाही आणि आईला उगाच त्याच्या मानेची काळजी लागून राहिली. म्हणून निवांत लिहायला बसले आहे. त्याच्या त्या बोटावर यंदा एका पंधरा वर्षांच्या मुलाचं अंग शाबूत राहणं अवलंबून आहे, आणि मला त्याचं फार कौतुक वाटतं.

तो सेंटर आहे. त्याच्या दोन्ही बाजूंना दोन गार्ड, त्यांच्या पलीकडे दोन टॅकल. समोरच्यांना अडवणारी ही पाच जणांची भिंत, आणि तिच्या मागे डाव चालवणारा क्वार्टरबॅक उभा असतो. चेंडू सेंटरकडून थेट त्याच्या हातात येतो. कुणाकडे फेकायचा, कुणाच्या हातात द्यायचा की स्वतःच पळायचं, हे त्यानं अडीच-तीन सेकंदांत उरकायचं असतं. शाळेचा बारावीतला क्वार्टरबॅक खांदा दुखावून बाहेर बसला, त्यामुळे दहावीतल्या मुलाला उभं केलं आहे. पोराचा हात छान आहे, चेंडू सरळ जातो, पण वय कोवळं. त्याची आई सामन्यात माझ्या शेजारी बसते. तो पडला की माझा हात घट्ट धरते.

असा नवखा मुलगा दिसला की समोरचे संघ ब्लिट्झ करतात. एरवी त्यांचे चार जण अंगावर धावून येतात आणि सात जण मागे थांबून पास अडवतात. ब्लिट्झमध्ये पाच, सहा, कधी सात जण एकदम घुसतात. क्रिकेटमध्ये नवीन फलंदाज आला की सिली पॉइंट आणि शॉर्ट लेग लावून त्याला घेरतात, तसंच. आणि तिथल्यासारखंच इथंही, माणसं जवळ आणली की मागचं मैदान रिकामं पडतं. त्या रिकाम्या जागेत चेंडू टाकता आला तर ब्लिट्झ करणाऱ्याच्याच अंगलट येतो. पण ती जागा मुलाला दिसायला हवी, आणि दिसेपर्यंत तो उभा राहायला हवा.

आता त्या बोटाचं सांगते. समोरच्यांच्या पहिल्या रांगेमागे मधोमध जो बचावपटू, म्हणजे लाइनबॅकर असतो त्याला इथं ‘माइक’ म्हणतात. नातू त्याच्याकडे बोट दाखवून ओरडतो, कारण कुणी कुणाला अडवायचं याची मोजणी तिथून सुरू होते. पाच जण कुठल्या बाजूला सरकणार आणि मागे उभा असलेला, एरवी चेंडू घेऊन पळणारा रनिंग बॅक कुणाला अंगावर घेणार, हे त्या एका इशाऱ्यानं ठरतं. बोट चुकीच्या माणसाकडे गेलं तर दोघं मिळून एकालाच धरतात आणि दुसरा मोकळा सुटतो. समोरचे फसवतातही. सहा जण रेषेवर येऊन उभे राहतात, आणि चेंडू हलला की त्यातले दोघं मागे पळतात आणि भलताच कुणीतरी कडेनं येतो. त्यामुळे नातू गुरुवारी रात्री जेवण झाल्यावर पुढच्या संघाचे व्हिडिओ लावून बसतो, कोण खांदा आधी वळवतो, कोण पाय मागे ठेवतो ते टिपून ठेवतो. एवढा मन लावून त्यानं गणितही कधी केलं नव्हतं.

यातला एक नियम मला फार आवडला: आधी आतला माणूस धरायचा. मधून येणाऱ्याला क्वार्टरबॅकपर्यंतची वाट सगळ्यांत जवळची असते, आणि पाऊल पुढे टाकून पास द्यायची जागाही तोच खातो. कडेनं येणाऱ्याला लांबून वळसा घालावा लागतो. अडवणारे सहा आणि येणारे सात असले तर एक सुटणारच, मग तो सर्वांत बाहेरचाच सुटू द्यायचा. तो मोकळा माणूस क्वार्टरबॅकच्या खात्यावर. हे मुलाला चेंडू हातात येण्याआधीच माहीत असायला हवं. पास झेलणारा रिसीव्हरही ते ओळखतो, आपली लांबची धाव तोडून आत वळतो, आणि ब्लिट्झवाला जिथून निघाला नेमकी तीच जागा त्याला सापडते. याला इथं ‘हॉट’ म्हणतात. नीट जमलं की मोकळा माणूस पोचेपर्यंत चेंडू हातातून गेलेला असतो.

मोठ्या संघांनाही हे सहज जमत नाही. आमच्या शिकागो बेअर्स या व्यावसायिक संघानं २०२४ मध्ये ड्राफ्टमधला (म्हणजे संघ पाळीपाळीनं नवे खेळाडू निवडतात त्यातला) पहिलाच खेळाडू म्हणून केलेब विल्यम्सला घेतलं. अख्खं शहर आनंदात होतं. त्या मोसमात त्याला चेंडू हातात असतानाच ६८ वेळा पाडलं गेलं. याला सॅक म्हणतात. १० नोव्हेंबरला सोल्जर फील्ड या बेअर्सच्याच मैदानावर पेट्रियट्स संघानं एकाच सामन्यात ९ सॅक केले. आक्रमणाचा प्रशिक्षक दोन दिवसांत गेला, महिनाअखेरीला मुख्य प्रशिक्षकही गेला. विल्यम्सही चेंडू फार वेळ हातात ठेवायचा, हे खरं आहे. पण २०२५ मध्ये बेन जॉन्सन प्रशिक्षक म्हणून आले आणि भिंतीचा मधला भाग सगळा बदलला गेला: सेंटर ड्रू डालमन, गार्ड जो थूनी आणि जोना जॅक्सन. सॅक निम्म्याहून खाली आले. मुलगा तोच होता, आप्पा.

इथल्या काही बापमंडळींचं म्हणणं असतं की मार खाल्ल्याशिवाय क्वार्टरबॅक तयार होत नाही. हे ऐकलं की मला राग येतो. ह्यूस्टनच्या टेक्सन्स संघाचा २००२ हा पहिलाच मोसम होता. त्यांनी ड्राफ्टमध्ये सर्वांत आधी डेव्हिड कारला घेतलं. त्याच्या रक्षणासाठी टोनी बोसेली नावाचा नामांकित टॅकल आणला होता, पण खांद्याच्या दुखण्यामुळे तो त्यांच्यासाठी एकही सामना खेळू शकला नाही. कारला त्या वर्षी ७६ वेळा पाडलं. तो उच्चांक आहे. ह्यूस्टनमधल्या पाच वर्षांत मिळून २४९ वेळा. पाच वर्षं मार खाऊन तो तयार झाला नाही, त्याला सोडून देण्यात आलं.

अंगाला लागतं ते दिसतं तरी. याहून वाईट म्हणजे मुलाची नजर खाली येते. लांब कोण मोकळा आहे ते बघायचं सोडून तो येणाऱ्या पायांकडे बघायला लागतो, आणि मग कुणी येत नसतानाही पळत सुटतो. २०१९ मध्ये न्यूयॉर्क जेट्सचा सॅम डार्नोल्ड २२ वर्षांचा होता. पेट्रियट्सनी त्या रात्री ब्लिट्झनं त्याला इतकं भंडावलं की आपल्याला भुतं दिसताहेत, असं तो बाकावर बसून म्हणाला. जेट्स ३३–० हरले. पुढे २०२४ मध्ये मिनेसोटाकडून खेळताना त्याच डार्नोल्डच्या संघानं १४ सामने जिंकले. भोवती चांगली माणसं आणि आक्रमणाची नीट आखणी मिळाल्यावर.

आमच्या प्रशिक्षकांना हे कळतं, याचा मला फार दिलासा आहे. पहिल्या सामन्यात पोराचे हाल झाले, तेव्हा त्यांनी त्याच्यावर आवाज चढवला नाही. लांबचे पास कमी केले. तीन पावलं मागे, की लगेच चेंडू बाहेर. रनिंग बॅकला पळायला न पाठवता अडवायला ठेवतात. आणि स्क्रीन पास वाढवले. त्यात नातू आणि गार्ड मुद्दाम समोरच्यांना क्षणभर अडवून सोडून देतात. ते धावत क्वार्टरबॅककडे जातात, तोवर चेंडू त्यांच्या डोक्यावरून रनिंग बॅकला मिळालेला असतो आणि आपली तगडी पोरं त्याच्या पुढे वाट करत पळत असतात. काल तो डाव दोनदा जमला आणि समोरच्यांनी ब्लिट्झ जवळजवळ बंदच केला. दहावीतलं पोर शेवटी हसत बाहेर आलं.

आई, तुझ्यासाठी. डोक्याला मार लागल्याचा नुसता संशय आला तरी मुलाला बाहेर काढतात, आणि डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय परत घेत नाहीत. नातवाची मान ठीक आहे. डाव्या अंगठ्याला पट्टी बांधली आहे तेवढीच, आणि भूक तर विचारू नकोस. तू पाठवलेला मेतकूट संपला, भाताबरोबर रोज लागतं त्याला.

पुढच्या शुक्रवारचा सामना इथं संध्याकाळी सातला, म्हणजे तुमच्याकडे शनिवारी पहाटे साडेपाचला. शाळा इंटरनेटवर दाखवते, लिंक दादाच्या फोनवर पाठवीन. आप्पा, या वेळी चेंडूकडे बघू नका. नातवाच्या ५४ नंबरवर नजर ठेवा, तो बोट दाखवेल तो माणूस खरंच येतो का ते बघा, आणि मला सांगा. समोरचा संघ कडेनं फार येतो म्हणतात, त्यामुळे नातू आत्तापासूनच काळजीत आहे. तुमचा फोन आला तर त्याला बरं वाटेल.

आईच्या गुडघ्याचं काय झालं ते कळवा. दादा-वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमची,
बेबी