कोळंबीची इम्युनिटी बाटलीत मिळत नाही

मा. संपादक, नमस्कार.

आमची पालघर जिल्ह्यात कोळंबीची दोन तळी आहेत. मागच्या हंगामात व्हाइट स्पॉट हा व्हायरसचा रोग आला, कोळंबीने खाणं सोडलं, कडेला येऊन पडायला लागली, आणि आठवड्याच्या आत एक तळं पूर्ण गेलं. त्याआधी महिनाभर आम्ही 'इम्युनिटी वाढवणारी' पावडर खाद्यात मिसळत होतो आणि एका विक्रेत्याने तर अँटिबायोटिकसुद्धा गळ्यात मारलं, व्हायरसवर अँटिबायोटिक!

मुलगी मायक्रोबायोलॉजी शिकते, तिने समजावलं तेव्हा कळलं की कोळंबीच्या अंगात आपल्यासारख्या अँटिबॉडी बनतच नाहीत. पण कोळंबीकडे दुसरं हत्यार आहे. व्हायरस पेशीत वाढायला लागला की त्याचा दोन धाग्यांचा आरएनए (जीनची माहिती वाहून नेणारा, अक्षरांच्या साखळीसारखा रेणू) तयार होतो, डायसर नावाचं एन्झाइम तो बारीक कापतं, 21-22 अक्षरांचे तुकडे फक्त, मग अर्गोनॉट नावाचं प्रोटीन तो तुकडा घेऊन फिरतं आणि त्याच्याशी जुळणारा व्हायरसचा आरएनए दिसला की तोडून टाकतं. चोराचाच फोटो घेऊन चोर शोधायचा तसं. कोळंबीचे स्वतःचे मायक्रोआरएनए, म्हणजे जीनवर लगाम ठेवणारे छोटे आरएनए, पण असतात ते वेगळे, आणि हा व्हायरस इतका बिलंदर की तो पण स्वतःचे मायक्रोआरएनए बनवतो.

दोन धाग्यांच्या आरएनएने जीन असं गप्प करता येतं या शोधाला 2006 चं नोबेल मिळालं, ते काम एका छोट्या जंतावर झालेलं. पण 2008 साली आपल्याच तमिळनाडूत, मेलविशारमच्या कॉलेजातल्या लोकांनी व्हायरसच्या वरच्या आवरणातल्या व्हीपी28 या प्रोटीनच्या जीनविरुद्धचा तसाच दोन धाग्यांचा आरएनए बॅक्टेरियात बनवला, खाद्यातून टायगर कोळंबीला दिला आणि त्यातली बरीच या रोगापासून वाचली. हे वाचून मला खरंच भरून आलं. आरएनए स्वस्तात बनवणं, तो खाद्यात टिकवणं, लाखो कोळंब्यांना सारखा पोचवणं अवघड आहे हे मान्य, पण तळ्यावर येणारा एकही माणूस आम्हाला याबद्दल बोलला नाही, सगळे बाटल्याच विकायला आले.

तुमच्या शेतीच्या पानावर कांदा-द्राक्ष रोज असतं, कोळंबीला एक पान द्या. संशोधकांना विचारा हे काम कुठवर आलंय, मत्स्य विभागाला विचारा चाचणीसाठी तळी हवीत का. आमचं वाचलेलं तळं मी द्यायला तयार आहे. आणि तोपर्यंत पीसीआर टेस्ट (व्हायरस आहे का ते बघणारी तपासणी) केलेलंच बीज, म्हणजे कोळंबीची पिल्लं, घ्या, एवढं तरी मोठ्या अक्षरात छापा.

– एक कोळंबी उत्पादक, पालघर