लघुउद्योगांच्या कार्बन हिशेबासाठी मराठी प्रणाली हवी

महोदय,

आयात मालाच्या उत्पादनात झालेल्या कार्बन उत्सर्जनावर आकारला जाणारा युरोपीय संघाचा कार्बन सीमा कर १ जानेवारी २०२६ पासून प्रत्यक्ष लागू झाला असून पोलाद, ॲल्युमिनियमबरोबरच नट-बोल्टसारखा मालही त्याच्या कक्षेत आहे. शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीच्या नियमांनुसार पर्यावरणविषयक अहवाल द्याव्या लागणाऱ्या मोठ्या सूचीबद्ध कंपन्याही पुरवठादारांकडे उत्सर्जनाचे आकडे मागू लागल्या आहेत. कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या छोट्या फाउंड्रीला (धातूच्या ओतकामाच्या कारखान्याला) या हिशेबासाठी सल्लागार नेमणे परवडत नाही.

वास्तविक महावितरणचे बिल, डिझेलच्या पावत्या आणि भट्टीची नोंदवही ही बहुतेक सामग्री कारखान्यातच असते. ग्रिडच्या एका युनिटमागे सरासरी सुमारे ०.७ किलो आणि लिटरभर डिझेलमागे सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड, हा गुणाकार कोणतीही संगणकप्रणाली करील. मात्र प्रतिटन धातूमागे किती युनिट लागले, साचे तयार नसल्याने धातुरस भट्टीत किती वेळ नुसता तापत राहिला आणि रिजेक्शनमुळे, म्हणजे सदोष ठरल्याने, किती माल पुन्हा वितळवावा लागला, हे तिने दाखवले तरच उत्सर्जन घटेल. मालकाला कार्बनपेक्षा वीजबिलाची चिंता अधिक असते आणि त्यात गैर काही नाही.

अशी प्रणाली राज्याच्या उद्योग विभागाने स्थानिक अभियांत्रिकी महाविद्यालये व उद्योजक संघटनांच्या साहाय्याने मराठीत विकसित करावी. कारखानदाराच्या संमतीविना त्याची माहिती खरेदीदाराला मिळणार नाही, अशी तरतूदही आरंभीच असावी. अन्यथा वीजवापरावरून उत्पादनखर्च ताडून भाव पाडले जातील, या भीतीने खरे आकडे कोणी भरणार नाही.

– एक वाचक, कोल्हापूर